‘मातीत कुजणारा’ मल्चिंग पेपर आणि माझे ५५,७५० रुपये

भाजीच्या मळ्यासाठी ‘मातीत आपोआप कुजून जाणारा’ मल्चिंग पेपर (तण उगवू नये म्हणून वाफ्यावर अंथरतात तो पातळ पापुद्रा) कोणी फोनवरून विकू लागले, तर पुढचे वाचल्याशिवाय त्याला एक रुपयाही पाठवू नका. जैवविघटनशील म्हणून मला जो माल दिला गेला ते साधे, पातळ पॉलिथिन होते. सहा रोल, प्रत्येकी ५,२५० रुपयांप्रमाणे ३१,५०० रुपये. वाहतूक १,८५० रुपये. पेपर फाटल्यावर करावी लागलेली बेणणी, म्हणजे तण काढणी, ९,८०० रुपये. आणि शेवटी मातीतून चिंध्या वेचण्याची मजुरी १२,६०० रुपये.

लोभापायी मी हा पेपर घेतला, असे कोणी समजू नये. आमच्या मळ्यात पावसाळ्यात भात होते आणि वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, त्याच जमिनीत मिरची, भेंडी व काकडी होते. भात कापल्यावर जमीन मोकळी झाली की लव्हाळा आणि हरळी इतक्या वेगाने उठतात की बेणणीचा खर्च भाजीच्या भावाला खाऊन टाकतो. बाजारात आपली भाजी बेळगावहून येणाऱ्या भाजीशेजारी ठेवून विकायची असते, हे इथल्या प्रत्येक भाजीवाल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. काळ्या पेपराखाली उजेड पोहोचत नसल्याने बहुतेक तण उगवतच नाही. परंतु साधा प्लास्टिक पेपर पावसाआधी उपटून काढावा लागतो, आणि जे तुकडे मातीत राहतात ते भाताच्या चिखलणीत मिसळतात किंवा गुरांच्या पोटात जातात. स्टार्च आणि पीएलए, पीबीएटी या कुजणाऱ्या प्लास्टिकांपासून बनवलेला खरा जैवविघटनशील पेपर हंगामानंतर नांगरून मातीत मिसळता येतो आणि तिथले सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात. तो महाग असतो हेही मला माहीत होते. साध्या पेपरच्या रोलला मी आदल्या वर्षी २,१०० रुपये मोजले होते. जमीन स्वच्छ राहावी म्हणून जास्त पैसे देणाऱ्यालाच या लोकांनी नेमके हेरले आहे.

फसवण्याची रीत नेहमीचीच होती: शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल उतरताना, आणि ‘पक्के बिल मागाहून पाठवतो, ताई’. प्रमाणपत्राचा फोटोही विक्रेत्याने पाठवला होता. तो कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांचा होता आणि दुसऱ्याच कंपनीच्या नावाचा होता, हे मला पुढे एका जाणकाराने दाखवले. शिवाय कंपोस्टचे प्रमाणपत्र सुमारे ५८ अंशांपर्यंत तापणाऱ्या ढिगासाठी असते. शेतातल्या मातीत पेपर कुजेल याची हमी ते देत नाही.

पण ज्या क्षणाची आठवण मला आजही जाळते, तो माल उतरवतानाचा आहे. कामाला आलेल्या मुलाने दोन रोल सहज एका खांद्यावर घेतले. मला खटकले, म्हणून भाजी तोलण्याच्या काट्यावर मी एक रोल ठेवला. पुठ्ठ्याच्या नळीसकट तो साडेसात किलोही भरेना. मी तिथल्या तिथे फोन लावला. उत्तर आले, ‘ताई, बायो माल हलकाच असतो.’ हे धडधडीत खोटे होते. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब आणि १५ मायक्रॉन जाड पेपरचे घनफळ ७.२ लिटर होते. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके, म्हणून त्याचे वजन ६.६ किलोच्या आसपास येते. खरा कुजणारा पेपर पाण्यापेक्षा जड असतो आणि त्याचे वजन नळीविनाच ९ किलोच्या घरात जाते. काटा खरे सांगत होता. पण ट्रेमधली रोपे लावणीला आली होती, मजूर बांधावर उभे होते, जमिनीला वाफसा होता, आणि कुजणारी वस्तू हलकी असेल हे कोणालाही पटण्यासारखेच होते. वजन करून, विचारून, उत्तर घेऊन मगच मी उरलेले पैसे दिले. याहून अधिक चौकशी शेतकऱ्याने बांधावर उभे राहून कशी करावी?

मिरची फुलावर असतानाच गादीवाफ्यांच्या वरचा पेपर उन्हाने तडकून त्याचे कपटे उडू लागले आणि उघड्या जागेतून तण वर आले. लव्हाळा खऱ्या पेपरलाही टोचून वर येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र कडेला मातीत पुरलेली पट्टी उकरून पाहिली तेव्हा ती नव्यासारखी चिवट होती. खरा पेपर ओल्या मातीला टेकलेल्या कडेपासून आधी कुजतो. इथे ऊन लागले तिथे चुरा आणि माती होती तिथे काहीच नाही. प्लास्टिकचे फक्त तुकडे करणाऱ्या अशाच ‘ऑक्सो’ मालावर युरोपीय संघाने २०२१ पासून बंदी घातली आहे.

त्यानंतर सरकारी दारे सुरू झाली. कृषी कार्यालयात सांगण्यात आले की बियाण्यांसाठी १९६६ चा कायदा आहे, कीटकनाशकांसाठी १९६८ चा आहे, खतांसाठी १९८५ चा आदेश आहे, पण मल्चिंग पेपर यांपैकी कशातच बसत नाही, म्हणून नमुना घेता येणार नाही. मग शेतकऱ्याने कुठे जावे, याला उत्तर नव्हते. पोलिसांनी हा दिवाणी व्यवहार आहे म्हणून अर्जावर केवळ पोच दिली. प्रदूषणाचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने उत्पादकाचा पत्ता आणा, असे सांगितले. पत्ता मिळत नाही हीच तर तक्रार आहे! प्लास्टिकच्या पिशवीसाठी बाजारातल्या भाजीवालीला दंड ठोठावता येतो, पण शेतात खोटे नाव लावून प्लास्टिक पसरवणाऱ्याला विचारणारे कोणी नाही, याचा मला संताप येतो.

पक्के बिल हातात आल्याखेरीज पैसे देऊ नका. मातीत कुजणाऱ्या पेपरसाठी युरोपचे ईएन १७०३३ हे मानक आहे. त्याचा चाचणी अहवाल त्याच उत्पादनाच्या नावाने मागा. बादलीत साबणाचे पाणी घेऊन पेपरचा तुकडा बोटांनी चोळून बुडवा: वर आला तर तो परत पाठवा. बुडाला तरी लगेच विश्वास ठेवू नका, कारण खडूची भुकटी मिसळलेले पॉलिथिनही बुडू शकते. रोल तोला. पहिल्या वर्षी एकाच वाफ्यावर घाला.

ज्यांच्याकडे असा माल आधीच पोहोचला आहे त्यांनी लेबलाचा फोटो, पैसे पाठवल्याची नोंद आणि पेपरचा न वापरलेला तुकडा जपून ठेवावा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर नोंद करावी आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार द्यावी. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही. माझी तक्रार तिथे दाखल आहे.