टायडीबीवर एक सीझन: मर्यादांचा अनुभव

गोव्यात पर्वरीला आमची छोटी कंपनी आहे, काम हॉटेलं आणि गेस्ट हाउसच्या बुकिंग सॉफ्टवेअरचं. चवथ (गणेशोत्सव) आटोपल्यावर आम्ही मायएसक्यूएल या डेटाबेसवरून टायडीबी ८.५ वर आलो, म्हणजे अनेक सर्व्हरांवर पसरलेल्या डेटाबेसवर, आणि ऑक्टोबरपासूनचा सगळा सीझन त्यावर काढला. वेग आणि स्केलबद्दल भरपूर वाचायला मिळतं. मला सांगायचंय ते मर्यादांबद्दल, कारण आमच्या टेबलांची नवी रचना बरीचशी त्यांनीच ठरवली.

पहिली गाठ पडली ती रोच्या, म्हणजे टेबलातल्या एका ओळीच्या, आकाराशी. टायडीबीत एक रो म्हणजे खाली टायकेव्हीत (डेटा साठवणाऱ्या थरात) एक की-व्हॅल्यू जोडी, आणि तिला डिफॉल्ट मर्यादा ६ एमबीची. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारी फॉर्मात कळवावी लागते. त्यासाठी पासपोर्टचा फोटो रिसेप्शनवर मोबाईलनेच काढतात, आणि आमच्या जुन्या रचनेत तो बेस६४ (फोटोचं मजकुरातलं रूप) होऊन थेट पाहुण्याच्या रोमध्ये जायचा. बेस६४ने आकार एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे ४.६ एमबीचा फोटोसुद्धा ६ च्या पार जातो. म्हापशातल्या एका गेस्ट हाउसमधून फोन आला, काही पासपोर्ट चढतात, काही चढतच नाहीत. लॉगमध्ये एरर होता ८०२५, एंट्री टू लार्ज.

ही मर्यादा १२० एमबीपर्यंत वाढवता येते. पण फक्त टायडीबीतला आकडा बदलून भागत नाही, टायकेव्हीत राफ्ट लॉगच्या (सगळ्या प्रती एकसारख्या ठेवणाऱ्या नोंदवहीच्या) एका नोंदीला ८ एमबीची वेगळी मर्यादा आहे, तीही उचलावी लागते. आम्ही दोन्हींना हात लावला नाही, आणि कुणी लावू नये असंच माझं मत आहे. प्रत्येक रो राफ्टमधून तीन प्रतींवर लिहिला जातो. एवढं ओझं त्याच वाटेने पाठवलं तर साध्या बुकिंगांना उगाच ताटकळावं लागेल. आता फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फायलींच्या वेगळ्या साठ्यात) जातो आणि रोमध्ये त्याचा पत्ता राहतो. ही रचना मायएसक्यूएलवर असतानाही जास्त चांगली ठरली असती.

बिलांच्या नंबरांचं प्रकरण याहून नाजूक. टायडीबीत ऑटो-इन्क्रिमेंटचा, म्हणजे आपोआप वाढणारा, आकडा युनिक असतो, पण सलग असेलच असं नाही. प्रत्येक टायडीबी सर्व्हर डिफॉल्टने ३०,००० आकड्यांचा गठ्ठा स्वतःकडे घेऊन बसतो. एका सर्व्हरवरून १४ नंबरचं बिल निघालं आणि पुढची विनंती दुसऱ्या सर्व्हरवर गेली, तर तिथे ३०,००१ मिळू शकतो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाला सलग अनुक्रमांक हवा, तोही १६ अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. टेबल बनवताना ऑटो-आयडी-कॅश १ ठेवला की उड्या थांबतात, मात्र ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडणाऱ्या बदलांचा गट) रोलबॅक झालं, म्हणजे मागे घेतलं, की तो नंबर वाया जातोच. म्हणून आम्ही काउंटरचं वेगळं टेबल केलं, प्रत्येक हॉटेलाचा एक रो. बिल बनवणाऱ्या ट्रान्झॅक्शनमध्येच तो रो लॉक करायचा, नंबर वाढवायचा आणि दोन्ही एकत्र कमिट, म्हणजे पक्कं, करायचं. एका हॉटेलाचा काउंटर दुसऱ्याला अडवत नाही, त्यामुळे ३१ डिसेंबरच्या रात्रीही तिथे रांग लागली नाही.

तिसरी मर्यादा ट्रान्झॅक्शनच्या आकाराची. टायडीबीच्या ४.० आवृत्तीपासून ती डिफॉल्टने १०० एमबी होती. ६.५ पासून, तो आकडा बदललेला नसेल तर, ट्रान्झॅक्शनची मेमरी सेशनच्या (एका जोडणीच्या) हिशेबात धरली जाते आणि तिथला डिफॉल्ट कोटा १ जीबीचा आहे. कारण सरळ आहे, कमिट होईपर्यंत सगळे बदल टायडीबी सर्व्हरच्या मेमरीतच असतात. जुना सर्च लॉग एका डिलीटमध्ये उडवायची आमची सवय इथे चालेना. सोय म्हणून बॅच नावाचं स्टेटमेंट आहे, ते पाच-पाच हजार रोंचे तुकडे करून डिलीट चालवतं. पण मध्येच काही बिघडलं तर झालेले तुकडे परत येत नाहीत. लॉगला हे चालतं, बिलांवर हे कधीही चालवू नका. शिवाय डिलीट केल्याने डिस्क लगेच मोकळी होत नाही. जुन्या आवृत्त्या किमान १० मिनिटं राखल्या जातात, त्यानंतर जीसी (जुना डेटा झाडणारी प्रक्रिया) येऊन त्या साफ करतो. शेवटी आम्ही लॉगचं महिन्यागणिक पार्टिशन केलं, म्हणजे टेबलाचे महिन्याप्रमाणे भाग पाडले. आता जुना महिना ड्रॉप केला की काम झालं, आणि टेबलाला ८,१९२ पार्टिशनपर्यंत मुभा असल्याने जागेची चिंता नाही.

स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेला कोड) आणि ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) इथे नाहीत. आमचं नाइट ऑडिट (हॉटेलाचा रोजचा रात्रीचा हिशेब) आख्खं एका प्रोसिजरमध्ये होतं, ते ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये आणण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. फॉरेन की (दोन टेबलांचे रो जोडणारं बंधन) मात्र ८.५ पासून पक्क्या झाल्यात, त्या बिनघोर वापरतोय.

देवनागरीत नावं ठेवणाऱ्यांसाठी थोडं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, ‘क्षि’ हे एक अक्षर १२ बाइटांचं होतं. इंडेक्सच्या (शोध वेगवान करणाऱ्या सूचीच्या) कीला डिफॉल्ट ३,०७२ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ८एमबी४ मध्ये हिशेब चिन्हामागे ४ बाइटांचा, म्हणजे ७६८ चिन्हं. नावाला पुष्कळ, पण नाव, पत्ता आणि गाव एकाच इंडेक्समध्ये घ्यायचं असेल तर आधी बेरीज करा. डिफॉल्ट कोलेशन (अक्षरांची तुलना करायचा नियम) बायनरी आहे, तिकडेही लक्ष असू द्या. रोमनमध्ये मोठ्या अक्षरांत भरलेला फर्नांडिस छोट्या अक्षरांत शोधला तर सापडणार नाही. नवं टेबल बनवताना कोलेशन स्वतः लिहून द्या.

एकाच हॉटेलाचं काम असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. प्रॉडक्शनसाठी किमान तीन टायकेव्ही, तीन पीडी (सगळ्यांचा ताळमेळ ठेवणारे) आणि दोन टायडीबी सर्व्हर लागतात, तो खर्च छोट्या धंद्याला झेपत नाही. आम्हाला तो परवडतो, कारण नाताळाच्या आठवड्यात मुंबईतलं एक टायकेव्ही मशीन बंद पडलं तरी उरलेल्या दोन प्रतींवर बुकिंग चालू राहिली आणि कळंगुटच्या एकाही हॉटेलाने फोन केला नाही.

येत्या पावसाळ्यात पेमेंटच्या टेबलाचंही पार्टिशन करायचं आहे. तिथे प्रत्येक युनिक कीमध्ये पार्टिशनचा कॉलम असावाच लागतो, आणि पेमेंटचा रेफरन्स नंबर तर आम्हाला एकट्यानेच युनिक हवा. ८.४ पासून ग्लोबल इंडेक्स (सगळ्या पार्टिशनांचा मिळून एकच इंडेक्स) आलाय, त्याने ही अट सुटते. आधी टेस्ट सर्व्हरवर तो चालवून बघतोय.