गार्सिनिया कॅप्सूल आणि पर्वती: सात महिन्यांचा अनुभव (आणि आठ कॅप्सूलचं भांडण)

गार्सिनिया म्हणजे वजन उतरवायला म्हणून विकतात त्या एका फळाच्या अर्काच्या कॅप्सूल, इथे बहुतेकींना माहीत असेलच, त्यामुळे जाहिरातीतलं परत लिहीत नाही. माझं वय ४४, बसून काम, जानेवारीत कंबर ९४ सेंमी. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या आत हवी म्हणतात, म्हणजे बघा. जाऊबाई म्हणाल्या अगं ऑफर चालू आहे, म्हणून ८४९ चा एक असे दोन डबे मागवले. ६० कॅप्सूलचा डबा, रोज एक धरली तरी चार महिन्यांची बेगमी झाली, असा माझा हिशोब.

तर पहिली चीड इथेच. पुढे ठळक १५०० एमजी लिहिलंय आणि मागे मुंगीच्या अक्षरात एक सर्व्हिंग म्हणजे दोन कॅप्सूल, दिवसातून दोन वेळा जेवणाआधी. म्हणजे दिवसाला चार, डबा पंधरा दिवसात खलास! वर त्या १५०० मधलं कामाचं एचसीए (हायड्रॉक्सीसिट्रिक अॅसिड, त्या फळातलं आम्ल) ६० टक्केच, म्हणजे ९००. सरळ लिहा ना मग पुढे. महिन्याला १६९८ रुपये, आमचं दुधाचं बिल याहून कमी येतं.

असो. सोबत चालणं सुरू केलं, आठवड्यातून पाच दिवस, पुण्यात सारसबागेपासून झपाझप चालत पर्वतीची टेकडी, १०३ पायऱ्या वर, खाली, आणि परत, एकूण ४५ मिनिटं. शेजारणीशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत दम लागला पाहिजे, हा माझा मीटर. पहिल्या आठवड्यात तर बोलताही येत नव्हतं, मधल्या टप्प्यावर कठड्याला धरून उभी राहायचे आणि सत्तरीचे आजोबा बाजूने टणाटण वर जायचे.

फेब्रुवारीअखेर चार डबे संपले, कंबर ९१. वजन दीडच किलो उतरलं पण सलवारीची नाडी खरं बोलते. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की घ्याच म्हणून. थोडी अॅसिडिटी व्हायची रिकाम्या पोटी, पण म्हटलं चालायचंच.

मग पाचवा डबा आला. हलवला तर आवाज जरा मोकळाच वाटला. ताटात ओतून दहादहाचे ढीग केले, पाच ढीग आणि वर दोन. ५२! परत मोजल्या, मुलाला मोजायला लावल्या, ५२च. कस्टमर केअरला मेल केला तर उत्तर काय, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. अहो, कॅप्सूल मोजतानाचा व्हिडिओ कोण काढून ठेवतं? मग माझं डोकं फिरलं आणि मी डबा पुरावा म्हणून तसाच कपाटात ठेवला, एकही खाल्ली नाही, पाच आठवडे. रोज एक मेल, रोज तेच "प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत".

आता गंमत बघा. चालणं चालूच होतं, भांडणाच्या रागात उलट वेग वाढला असेल. पाच आठवड्यांनी टेप लावली तर ८९.५. कॅप्सूल शून्य! मी तीनदा मोजलं, शिंप्याची टेप जुनी होऊन ताणते म्हणून नवीन आणून मोजलं.

अपडेट: जूनमध्ये पाऊस, पर्वतीच्या पायऱ्या निसरड्या, चालणं महिनाभर बंद. पैसे टाकलेत तर वाया कशाला म्हणून त्या ५२ कॅप्सूल तेव्हा संपवल्या, तेरा दिवस पुरल्या. महिनाअखेर कंबर ९०.५. एका बाईवरचा प्रयोग आहे, आणि पावसात भजी पण झालीच, खोटं का बोला. पण मग शोधलं तर १९९८ सालीच अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे हे करून झालंय, सगळ्यांना सारखंच डाएट, निम्म्यांना रोज १५०० एमजी एचसीए (नुसतं एचसीए, माझ्यासारखं साठ टक्केवालं नाही) आणि निम्म्यांना नकली गोळी, आणि वजनात म्हणावा असा फरक नाही. शरीरात साखरेची चरबी करणारं एक एन्झाइम हे अडवतं असं म्हणतात, ते असेलही, माझ्या कंबरेपर्यंत पोचलं नाही.

आणि हे गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाची चुलत बहीण, केरळात कुडमपुळी म्हणून माशाच्या कालवणात घालतात. एचसीए आमसुलातही असतं. कोकणातल्या माझ्या सगळ्या आत्या जन्मभर सोलकढी पीत आल्या, एकही बारीक नाही.

डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्यांनी आधी लिव्हरची टेस्ट करायला लावली, कारण या कॅप्सूलनंतर काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. माझं एसजीपीटी नॉर्मल आलं, पण टेस्टचे पैसेही याच खात्यात धरा. बंद करा म्हणाल्या, केल्या.

पाच डब्यांचे ४२४५ गेले. चालायचे बूट १८०० ला घेतले होते ते अजून चालतायत, हल्ली छत्री घेऊन बागेभोवतीच फिरते.

ताजा अपडेट: आठ कॅप्सूलची भरपाई मिळाली. ११३ रुपयांचं कूपन, ९९९ च्या पुढच्या ऑर्डरवरच चालतं.