‘सरप्लस’ म्हणून घेतलेली सहा मॅगझिन्स : आठ महिन्यांनंतर

टेक्सासात राहतो आणि 1911 मॉडेलच्या पद्धतीचं .45 कॅलिबरचं पिस्तूल वापरतो. अमेरिकन सैन्याचं हे 1985 पर्यंतचं मुख्य पिस्तूल, त्यामुळे ‘मिलिटरी सरप्लस, न वापरलेलं’, म्हणजे सैन्याचा शिल्लक माल, म्हणून सात गोळ्यांची मॅगझिन्स (पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेट्या) इथे गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, ढिगानं विकायला असतात. मार्चमध्ये सहा घेतली. आजवर त्यातली चार बाद झाली.

पहिला महिना ठीक गेला. मग शेवटची गोळी नाक खाली घालून अडकायला लागली, आणि मॅगझिन रिकामं झालं तरी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे थांबेना. पिस्तुलातच दोष असेल म्हणून मी त्याची स्प्रिंग बदलली. फरक शून्य. शेवटी नेमबाजीच्या रेंजवरच्या एका निवृत्त सार्जंटनी स्वतःचं जुनं मॅगझिन दिलं. दोनशे गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही.

घरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. गोळ्या वर ढकलणाऱ्या पट्टीवर त्यांच्या मॅगझिनमध्ये एक छोटा फुगवटा आहे. शेवटची गोळी पुढे घसरू नये म्हणून तो असतो. माझ्या चारही पट्ट्या सपाट! स्प्रिंगची तार बारीक. मॅगझिनच्या तोंडाशी गोळी धरणाऱ्या ओठांच्या कडा बोटाला लागत होत्या, आणि व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला तर चारांची चार मापं.

मुलाम्याची परीक्षा सोपी आहे. गंजू नये म्हणून दिलेला खरा फॉस्फेटचा थर तेल पितो. थेंब ठेवला की पसरतो. माझ्यांवर थेंब मोत्यासारखा उभा राहिला, म्हणजे नुसता काळा रंग. पुढे सॉल्व्हंटनं तो निघालाही.

पाकीट मात्र हुबेहूब होतं. तपकिरी कागद, छापील लेबल. पण सैनिकी साठ्याचा क्रमांक तेरा अंकी असतो आणि बंदुकांच्या सुट्या भागांचा 1005 नं सुरू होतो. माझ्या लेबलावर बाराच अंक! हे घेतानाच मोजायला हवं होतं. अर्थात लेबल बरोबर असलं तरी आतला माल खरा असेलच असं नाही, म्हणून इथे रेंजवर जाणाऱ्या आपल्या मंडळींना सांगणं एवढंच, की आधी डमी गोळ्या भरून हातानं स्लाइड ओढून बघा आणि प्रत्येक मॅगझिनवर नंबर घाला. नंबर घातल्यावरच मला कळलं की अडतात ती नेहमी तीच चार.

विक्रेत्यानं पैसे परत दिले नाहीत. ती चार मी शिकंज्यात धरून चेपली, नाहीतर पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर ‘सरप्लस’ म्हणून जाऊन बसली असती.