पुरवणीचं डेस्क की घरून फ्रीलान्स?

खाणं, कपडे, घर, प्रवास यांवर मुंबईत राहून लिहायचं, तर वाटा दोन: वर्तमानपत्राच्या पुरवणीत किंवा पोर्टलवर उपसंपादक होऊन डेस्कवर बसायचं, नाहीतर घरून मानधनावर, म्हणजे फ्रीलान्स, लिहायचं. मी दोन्ही केलं आहे.

नोकरीत पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला येतो. बदलापूरहून पास काढून येणाऱ्या, घरभाडं भरणाऱ्या मुलीला हा मोठा आधार. फ्रीलान्सचं तसं नाही. एका मासिकाकडे लेखाच्या मानधनासाठी मी सात महिने फोन करत होते. दिवाळी अंकांसाठी लेख पावसाळ्यातच द्यावे लागतात, पैसे बहुतेकदा अंक निघाल्यावर.

पण खरा फरक शिकण्यात आहे. डेस्कवर रोज दुसऱ्यांची कॉपी, म्हणजे छापायला आलेला मजकूर, हाताखालून जाते. नऊशे शब्दांचा लेख साडेपाचशेत बसवायचा, तोही लेखकाचा आवाज न घालवता. पदार्थाच्या साहित्यात गूळ आहे, कृतीत कुठेच नाही, हे पान छपाईला सोडण्याआधी पकडायचं. आपल्या कॉपीवर ज्येष्ठांची पेन फिरते आणि दोन परिच्छेद का उडाले ते तिथल्या तिथे विचारता येतं. घरी बसलेल्याला कापलेल्या ओळी छापून आल्यावरच दिसतात. कारण सांगायला कुणी नसतं.

उलट, डेस्क माणसाला खुर्चीला बांधतं. कंपन्यांची प्रसिद्धी करणाऱ्या पीआरच्या मेलमधून लेख उभे राहू लागतात. मासळीवर लिहायचं तर पहाटे भाऊच्या धक्क्यावर, साड्यांवर लिहायचं तर मंगळदास मार्केटमध्ये अर्धा दिवस हवा. तो वेळ फ्रीलान्सरकडे असतो.

हक्कांकडे नवे लेखक बघतच नाहीत. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर फ्रीलान्सरच्या लेखाचा हक्क त्याच्याकडेच राहतो. वर्तमानपत्राच्या नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा वर्तमानपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा. पुढे पुस्तक काढायचं मनात असेल तर सही करण्याआधी करारातलं हक्कांचं कलम वाचा.

संपादक व्हायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन-तीन वर्षं डेस्कवर काढा. फक्त लिहायचंच असेल आणि सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असेल, तर फ्रीलान्स जमेल. मुलाखतीत मात्र एक विचारून घ्या: दुसऱ्यांची कॉपी तपासायला मिळणार, की दिवसभर नुसत्या प्रेस नोटा उतरवायच्या?