घरच्या सुतारकामाची धूळ: व्हॅक्यूम, बॅगवाला कलेक्टर की भिंतीतला पंखा?

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) आणि सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारं यंत्र) आले की लगेच धुळीचा प्रश्न उभा राहतो. यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या बंद, गरम ठेवलेल्या खोल्यांसाठी असतात. तिथे आतली हवा बाहेर सोडणं महागात पडतं, म्हणून तीच गाळून पुन्हा आत घेतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे किंवा यवतमाळ-वाशीमला आपलं काय अडलंय? मे महिन्यात शेडमधली हवा बाहेर गेलेलीच बरी. एवढं ध्यानात घेतलं तरी अर्धा खर्च वाचतो.

आधी धूळ ओळखा. रंध्याचे छिलके आणि जमिनीवर पडणारा भुसा झाडूने निघतो. घात करते ती १० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धूळ: दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगते आणि सर्वांत जास्त निघते सँडिंगला. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. आपल्याकडच्या सागाची धूळ काहींच्या अंगाला खाज आणते, काहींना दमा. एमडीएफमध्ये (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड) वरून फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाचा डिंक.

आता खरी निवड. व्हॅक्यूम क्लीनरची ओढ जोरदार असते, पण तो हवा थोडीच खेचतो. त्याची नळीही बारीक. सँडरच्या तोंडाला, हातातल्या सर्क्युलर सॉला, राउटरला (लाकडात खाचा आणि कडा कोरणारं यंत्र) तो चपखल बसतो. बॅगवाल्या कलेक्टरचं, म्हणजे मोठ्या पंख्याने भुसा ओढून कापडी बॅगेत भरणाऱ्या यंत्राचं, उलट आहे. ओढ मंद, पण १०० मिलिमीटरच्या पाइपातून भरपूर हवा, त्यामुळे टेबल सॉ आणि प्लेनरचा (फळी रंधून सपाट करणारं यंत्र) ढीगभर भुसा तोच उचलतो. सँडरला कलेक्टर किंवा प्लेनरला व्हॅक्यूम जोडून पाहिलात तर दोन्हींवर पैसे वाया गेल्यासारखे वाटतील.

गावात लाइनचाही विचार करावा लागतो. कलेक्टरची मोटर बहुधा इंडक्शनची. व्होल्टेज पडलं की ती सुरू होताना नुसती घुमते आणि वाइंडिंग तापतं. विहिरीवरची मोटर जळते तीही अनेकदा याच कारणाने. व्हॅक्यूमची ब्रशवाली मोटर कमी व्होल्टेजला फक्त हळू फिरते. एक एचपीचा कलेक्टर आणि दोन एचपीचा सॉ एकाच सिंगल फेज लाइनवर चालवायचे तर वायरमनला विचारल्याशिवाय कलेक्टर आणूच नका.

कलेक्टरच्या स्वस्त कापडी बॅगेतून बारीक धूळ आरपार जाते. शेडमध्ये ठेवला तर तो जाड भुसा गोळा करतो आणि जहाल तेवढं पुन्हा तुमच्या नाकापुढे उडवतो. परदेशात यावर महागडं फिल्टर लावतात. आपण यंत्र छपरीत, भिंतीच्या पलीकडे ठेवायचं आणि पाइप तेवढा आत घ्यायचा. मात्र पावसाचा शिंतोडा मोटरवर येता कामा नये.

व्हॅक्यूमला सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा वेगळा पाडणारं भांडं) जोडाच. पेंटच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीवर शंकूसारखं भांडं बसवलं की बहुतेक भुसा बादलीतच पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. बादली जाड घ्या. नळी तुंबली की पातळ बादली आत चेपते. ग्राइंडर मात्र यातल्या कशालाच जोडू नये. लोखंडाची ठिणगी भुशात तासभर धुमसते आणि मग पेटते.

भिंतीतला एक्झॉस्ट पंखा धूळ उगमाशी पकडत नाही, तरंगणारी तेवढी बाहेर नेतो. पण तो स्वस्त आहे, आणि समोरचं दार उघडं असेल तर चांगलं काम देतो. कूलर असेल तर त्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. ओल्या हवेने वाळलेलं लाकूड फुगतं. कूलर तुमच्या पाठीशी आणि खिडकी समोर अशी मांडणी असली की धूळ तोंडापासून दूर जाते. उन्हाळ्यात खिडकीपलीकडे शेजारच्या काकूंच्या कुरड्या वाळत असतील, तर आधी त्यांना विचारून घ्या.

मास्कला पर्याय यातला एकही नाही. दुपट्टा उन्हासाठी ठीक, बारीक धूळ तो अडवत नाही. एन ९५ किंवा आयएस ९४७३ छापलेला एफएफपी २ घ्या, तोही डोक्यामागून पट्टे जाणारा. कानात अडकवायचे सैल बसतात. दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच. ४५ अंशांत मास्क सहन होत नाही हे खरं, म्हणून सँडिंग सकाळी सहा-सातला उरका. मशीन बंद झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तो काढू नका, आणि झाडायचं तर आधी जमिनीवर पाणी शिंपडा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा मास्क, मग एक्झॉस्ट, मग सायक्लोनसह व्हॅक्यूम. कलेक्टर प्लेनर आल्यावर बघू. छताला टांगायचं एअर क्लीनर गावातल्या उघड्या शेडला लागतच नाही.

गोळा झालेल्या भुशात प्लाय किंवा एमडीएफचा असेल तर तो वेगळा ठेवा. चुलीत घालू नका, उकिरड्यावरही टाकू नका. साध्या लाकडाचा तेवढा चुलीला चालतो.