हळदीचं दूध की फ्ल्यूची लस?

सांगलीत हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे जरा जपूनच. 2018 साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठवलेल्या हळदीच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं अजून घरोघर आहेत. आमचे अण्णा त्यातलेच. सत्तरी ओलांडलेली, त्यात शुगर. गेल्या जूनमध्ये डॉक्टरांनी फ्ल्यूची लस सुचवली, तर म्हणाले, "सांगलीत राहून सुई कशाला टोचून घ्यायची?"

ज्यांच्या घरी हाच वाद चालू आहे, त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी सर्दी आणि फ्ल्यू वेगळे काढा. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत, म्हणून तिच्यावर लस नाही. नाक गळतं, शिंका येतात, आठवड्यात उतरते. फ्ल्यूचा ताप एकदम चढतो, अंग ठणकतं, उठवत नाही. लस फक्त ह्या दुसऱ्यासाठी. "टोचून घेतलं तरी सर्दी झालीच की" असं म्हणणारे इथेच गल्लत करतात.

आता हळद. आई सहाणेवर हळकुंड उगाळते, दुधात सुंठ-मिरी टाकते. तो वास आला की निम्मं बरं वाटतं, आणि खवखवत्या घशाला गरम पेयाने आराम पडतो हेही खरं. कुर्कुमिन हा हळदीतला मुख्य गुणकारी घटक, पण तो शरीरात फार कमी शोषला जातो. मिरीने तो जास्त शोषला जातो, त्यामुळे आजीची मिरी उगाच नव्हती. पण हळदीने फ्ल्यू अडतो असा पुरावा नाही. आमच्याकडे तर वेगळाच घोटाळा निघाला. अण्णांच्या काढ्यात रोज गुळाचे दोन मोठे खडे पडत होते. शुगर का वाढतेय, याचा शोध आम्ही महिनाभर घेत होतो! रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. वर्षाच्या आतल्या बाळाला काढ्यातूनही मध देऊ नये.

लसीचं गणित निराळं. विषाणू रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. त्या वर्षीच्या विषाणूशी चांगली जुळली, तर फ्ल्यूने दवाखाना गाठायची वेळ साधारण 40 ते 60 टक्क्यांनी टळते. म्हणजे पूर्ण कवच नाही, पण पासष्टीच्या पुढच्यांना, मधुमेह-दमा असलेल्यांना आणि गरोदर बायकांना ती घ्यावीच असं माझं स्पष्ट मत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देत नाहीत, त्याला आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीचाच आधार. इंजेक्शनच्या लसीतला विषाणू मेलेला असतो, तिने फ्ल्यू होत नाही. एखाद-दुसरा दिवस दंड दुखतो, कणकण येते, एवढंच. खाजगीत साधारण दीड-दोन हजार जातात. आधी सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

घ्यायची कधी? थंडी पडल्यावर आठवण होते, तोवर उशीर झालेला असतो. आपल्याकडे फ्ल्यू पावसाळ्यात वाढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा डोकं वर काढतो. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणून मे-जून उत्तम. चुकलंच तर दिवाळीच्या आसपास तरी.

तिशीतला धडधाकट माणूस असाल, तर पैशाचा विचार करून ठरवा; साबणाने हात धुणं आणि तापात घरी बसणं फुकट आहे. वाफारा घ्या, पण उकळतं पातेलं मांडीजवळ नको. मेडिकलमधून मनानेच अँटिबायोटिक मात्र आणू नका, विषाणूवर ते चालत नाही. वयस्कर माणसाला फ्ल्यूसारखा ताप आला तर दोन दिवसांच्या आत डॉक्टर गाठा, कारण फ्ल्यूवरचं औषध 48 तासांत सुरू केलं तर जास्त लागू पडतं. धाप लागली तर तेवढंही थांबू नका.

अण्णांनी शेवटी टोचून घेतलं. रात्री बघतो तर दंडावर हळदीचा लेप लावून बसलेले.