अकरा वर्षांच्या मुलीसाठी बेस गिटारचा कोर्स

लेकीला साधी गिटार नको होती, खालच्या सुरांचा, जाड तारांचा बेसच हवा होता. आमच्या गोव्यात फोंड्याला गिटार शिकवणारे सापडतात, पण बेसचे आमच्या ओळखीतले शिक्षक पणजी-मडगावला. शाळा सुटल्यावर दप्तरासकट कदंबाच्या बसने तिकडे जायचं म्हणजे मुलगी गाडीतच पेंगणार. म्हणून घरी बसून शिकता येईल असा, पहिल्या धड्यापासून क्रमाने नेणारा कोर्स शोधला. जोश फॉसग्रीन यांचा बेसबझ या वेबसाइटवरचा ‘बिगिनर टू बॅडअ‍ॅस’ हा व्हिडिओ कोर्स घेतला आणि त्यावर मी मनापासून खूश आहे.

त्याआधी एक अ‍ॅप वापरून पाहिलं होतं. त्यात नोट वाजली की गुण मिळतात. मुलगी गुण भराभर मिळवत होती, पण तार दाबलेली बोटं कशी आखडली आहेत हे त्या अ‍ॅपला दिसत नव्हतं. लहान मुलांच्या बाबतीत खरी अडचण हाताचीच असते. नेहमीच्या बेसची तार 34 इंचांची, त्यावर पहिल्या फ्रेटचं (मानेवरच्या दोन आडव्या पट्ट्यांमधल्या घराचं) अंतर जवळजवळ 48 मिलिमीटर. चार बोटं चार फ्रेटवर ताणून ठेवा, असं बरेच जण सांगतात. अकरा वर्षांच्या हाताला ते झेपत नाही, मनगट दुखायला लागतं. फॉसग्रीन सुरुवातीला असा ताण देतच नाहीत. बोटं ताणण्याऐवजी अख्खा हात थोडासा सरकवायला शिकवतात. त्यात आम्ही 30 इंचांचा शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारेचा बेस घेतला, म्हणजे तेच अंतर 43 मिलिमीटरवर आलं. तेव्हापासून ‘आई, हात दुखतो’ ऐकू आलेलं नाही.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे सरावाची रीत. एकच तुकडा हळू, मध्यम आणि जलद अशा तीन लयींत, त्यांच्याबरोबर वाजवायचा. जलद जमलं नाही तरी पुढे चला, असं ते स्वतःच सांगतात. चवथीच्या आरत्यांत आमची मुलगी घुमट-शामेळ या वाद्यांबरोबर कासाळे (झांजा) वाजवते, त्यामुळे लय तिच्या अंगात आहे. ड्रमच्या ठोक्यावर बोट नेमकं पडलं की तिची मान आपोआप डोलते. माझ्या मते बेसचा कोर्स निवडताना पाहायचं ते हेच: मूल पहिल्या आठवड्यातच ठेक्याबरोबर वाजवतं का? किती गाणी शिकवतात, हा प्रश्न नंतरचा.

धडे मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. बेसची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झला वाजते. एवढा खालचा सूर मोबाइलमधून नीट निघतच नाही, आणि सर काय वाजवताहेत ते मुलाला कळत नाही. साधा हेडफोनही चालेल.

कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे. आपल्याकडे प्राथमिक शाळा मराठी माध्यमातून झालेल्या मुलांना बोलण्याचा वेग सुरुवातीला जड जातो. मी शेजारी बसते, व्हिडिओ थांबवते, मराठीत सांगते. वादक नसलेल्या आईबाबांनाही हे जमतं. मात्र कुठलाही व्हिडिओ मुलाचं वाजवणं ऐकत नाही. ती उणीव भरायला कुणी तरी जाणकार अधूनमधून हवाच. चर्चच्या क्वायरमध्ये किंवा तियात्राच्या (कोकणी नाटकाच्या) बँडमध्ये वाजवणारं कुणी ओळखीचं असेल तर जरूर विचारा. गोव्यात अशी माणसं आहेत आणि ती प्रेमाने सांगतात.

पुढे आम्ही लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची रॉक अँड पॉप ही वादनाची परीक्षा धरली आहे. तिची पहिली पायरी ‘इनिशियल’. तीन गाणी बॅकिंग ट्रॅकबरोबर (बाकीच्या साथीच्या रेकॉर्डिंगबरोबर) वाजवायची, शिवाय ऐकून-पाहून वाजवणं किंवा उत्स्फूर्त वादन यांतलं एक निवडायचं. 100 पैकी 60 गुणांना पास. वयाची अट नाही आणि रेकॉर्डिंग पाठवूनही परीक्षा देता येते. कोर्समुळे हात आणि लय तयार होते, तर परीक्षेमुळे एखादं गाणं शेवटापर्यंत नेण्याची शिस्त लागते. दोन्ही हवं, पण आधी कोर्स.

पैसे डॉलरमध्ये जातात. रक्कम एकरकमी भरताना जड वाटते, पण ती एकदाच, दरमहा वर्गणी नाही. बजेट आखताना तारांचा एक जादा संच त्यात धरा. आपल्या पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झालं की सुती कापडाने पुसायच्या आणि बेस भिंतीला टेकवून न ठेवता बॅगेत ठेवायचा.